कपाचे ग्रॅम करताना केक दर वेळी वेगळा का होतो: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमानं

मी घरी बेकिंगचे छोटे क्लास घेते आणि क्लास संपल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर जे फोटो येतात ते बघून आता लगेच ओळखू येतं की गडबड ओव्हनची नाहीये, मापाची आहे. पण समोरच्याचा संशय आधी ओव्हनवर, मग बेकिंग पावडरवर, मग मैद्याच्या ब्रँडवर जातो, आणि तोपर्यंत तीन केक वाया गेलेले असतात. लोणी, अंडी, सुका मेवा, सगळं महाग आहे. म्हणून हा पोस्ट नीट सविस्तर लिहितेय, सेव्ह करून ठेवा आणि वरून खाली याच क्रमानं जा, कारण वरच्या गोष्टी फुकट आहेत आणि बहुतेकांचं काम तिथेच होतं.

आधी लक्षणं बघा, तुमचं यातलं काही आहे का.

तीच रेसिपी, तोच टिन, तरी एकदा केक मऊ आणि पुढच्या वेळी कोरडा, मधे डोंगर झालेला आणि वर भेग पडलेली. नानकटाई एका वेळी भट्टीतून पसरून पोळीसारखी सपाट आणि दुसऱ्या वेळी हातात घेतली की भुगा. अमेरिकन व्हिडिओत बॅटर चमच्यातून रिबिनीसारखं पडतं आणि तुमचं गोळा होऊन चमच्याला चिकटून बसतं. रेसिपी दुप्पट केली की हमखास बिघडते. केकला सोड्याचा साबणासारखा वास येतो. आणि सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण म्हणजे तुम्ही कपाची रेसिपी नेटवर बघून ग्रॅममध्ये केलीत आणि त्या दिवसापासूनच ती बिघडायला लागली.

यातली दोन जरी जुळत असली तरी ओव्हनला हात लावू नका, आधी माप बघा.

1. रेसिपी परत वाचा, एकही पैसा लागत नाही

सगळ्यात मोठा घोटाळा इथे आहे. कुठेतरी "1 कप = 250" असं वाचलेलं असतं, ते 250 मिली असतं आणि आपण 250 ग्रॅम मैदा घालून मोकळे होतो. कप हे जागेचं माप आहे, त्यात काय भरलंय त्यावर वजन ठरतं. 240 मिलीच्या कपात पाणी 240 ग्रॅम बसेल, साखर साधारण 200 ग्रॅम, पण मैदा फक्त 120 ते 125 ग्रॅम. म्हणजे दीड कप मैद्याची रेसिपी असेल तर हवेत 180 ग्रॅम आणि 250 च्या हिशोबानं तुम्ही घातले 375. दुपटीपेक्षा जास्त मैदा झाला, मग केकची वीट होणारच, त्यात ओव्हनचा काय दोष.

तेव्हा "कपाचे ग्रॅम किती" या प्रश्नाला एक उत्तर नसतंच, कशाचा कप ते आधी सांगावं लागतं.

दुसरं, रेसिपी कुठल्या देशातली आहे ते बघा. अमेरिकन कप साधारण 237 मिलीचा, बहुतेक जण 240 धरतात. ऑस्ट्रेलियातला 250. जपानी रेसिपीत कप 200 मिलीचा असतो. आणि इलेक्ट्रिक राइस कुकरबरोबर जो प्लॅस्टिकचा कप येतो तो साधारण 160 ते 180 मिलीचा असतो, तो तांदळासाठी आहे, कृपा करून केकला वापरू नका. मेलबर्नला राहणारी माझी एक विद्यार्थिनी भारतीय रेसिपी करायची आणि केक सारखा कडवट लागायचा, शेवटी कळलं की तिथला टेबलस्पून 20 मिलीचा असतो, आपला आणि अमेरिकेतला 15 चा. कॉफी आणि कोको ती चमच्यानं घालायची, दर चमच्याला एक तृतीयांश जास्त जात होतं.

तिसरं, औंस. जुन्या ब्रिटिश आणि अमेरिकन रेसिपीत दोन औंस असतात, एक वजनाचा, 28 ग्रॅमच्या जरासा वर, आणि एक द्रवाचा, अमेरिकन असेल तर 30 मिलीच्या जरासा आत. 8 औंस दूध लिहिलं असेल तर साधारण 237 मिली असा अर्थ लागतो, पण 8 औंस मैदा म्हणजे वजन, 227 ग्रॅम. मैदा कपानं घेऊन "8 औंस म्हणजे एक कप" असं धरलं तर जवळजवळ निम्माच मैदा पडतो आणि केक मधे बसतो.

आणि चौथं, "1 कप मैदा, चाळून" आणि "1 कप चाळलेला मैदा" यात फरक आहे. पहिल्यात आधी मोजायचं मग चाळायचं, दुसऱ्यात उलटं. चाळलेला मैदा हवेनं फुगलेला असतो, कपात 110-115 ग्रॅमच मावतो. तसंच साखरेचं. आपल्याकडे साखर मिक्सरला फिरवून पिठीसाखर करायची पद्धत आहे ना, तर 1 कप साखर दळलीत की ती साधारण पावणेदोन कप पिठीसाखर होते. रेसिपीत 1 कप पिठीसाखर असेल तर ते 115 ग्रॅमच्या आसपास, आणि 1 कप साखर दळून घ्यायला सांगितली असेल तर 200. नानकटाई पसरते त्यामागे हे कारण खूप वेळा निघतं, कारण जास्तीची साखर भट्टीत वितळते आणि पीठ सैल पडतं.

2. कप कसा भरताय ते बघा, हेही फुकट

हे कोणालाच पटत नाही म्हणून क्लासमध्ये मी सगळ्यांना एकाच डब्यातून एकेक कप मैदा भरायला लावते आणि एकामागून एक काट्यावर ठेवते. डब्यात कप खुपसायचा, डब्याच्या कडेला घासत वर काढायचा, वरचा ढीग बोटांनी दाबायचा, ओट्यावर दोनदा आपटायचा आणि खाली बसला म्हणून वर आणखी एक चमचा टाकायचा, अशी सवय बऱ्याच जणांना असते. त्या कपाचं वजन 150 च्या आसपास भरतं, कधी त्याच्याही पुढे. शेजारी उभी असलेली दुसरी बाई तोच मैदा चमच्यानं मोकळा करते, अलगद कपात टाकत शीग येऊ देते आणि सुरीच्या पाठीनं शीग काढते. ते 120-125 भरतं. एका कपामागे 25-30 ग्रॅमचा फरक म्हणजे पाव कप मैदा. दीड-दोन कपांच्या केकला एवढा मैदा जास्त गेला की तो कोरडा होतो, आणि नेमका हाच फरक "कधी छान, कधी वाईट" असा दिसतो कारण हात रोज सारखा पडत नाही.

अमेरिकेतली किंग आर्थर बेकिंग कंपनी आपल्या तक्त्यात एक कप मैद्याला 120 ग्रॅम धरते आणि तिथल्या कृषी खात्याच्या आकडेवारीत 125 आहे, हे दोन्ही मोकळ्या भरलेल्या कपाचे आकडे. त्यामुळे अमेरिकन रेसिपी असेल आणि त्यात ग्रॅम दिले नसतील तर मी 125 धरून सुरुवात करते, बॅटर पातळ वाटलं तर पुढच्या वेळी वाढवते. उलटं करू नका, आत गेलेला मैदा बाहेर काढता येत नाही.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, उघड्या डब्यातला मैदा ओल धरतो आणि गुठळ्या होतात, तेव्हा मोजायच्या आधी एकदा मोकळा करून घ्या. साखर, रवा, तूप, दूध यांना हा दाबण्याचा त्रास फारसा नसतो, ते कपात जवळपास तेवढेच बसतात. म्हणून घरी काटा नसेल आणि एकच गोष्ट सुधारायची असेल तर मैदा सुधारा, मग कोको, मग पिठीसाखर.

इथे वाटीबद्दल थोडं, कारण आईची वाटीची रेसिपी कधी बिघडत नाही आणि माझी कपाची बिघडते असं सगळेच म्हणतात. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, यात वाटी केवढी आहे याला महत्त्वच नाही, प्रमाण सांभाळलं की झालं. आपल्याकडे चिपटं, मापटं, शेर, पायली ही सगळी धान्याची मापं जागेचीच होती आणि घराघरात ती चालली कारण सगळं एकाच मापानं मोजलं जायचं. वाटीचं गणित मोडतं कधी, तर त्यात न बदलणारी वस्तू शिरली की. दोन अंडी, कंडेन्स्ड मिल्कचा एक टिन, लोण्याचं 100 ग्रॅमचं पाकीट, एक चमचा बेकिंग पावडर. वाटी 150 मिलीची असो की 200 ची, टिन तेवढाच राहतो. रेसिपीत अशी एक जरी वस्तू असेल तर वाटी सोडा आणि ग्रॅमवर या.

3. कप खरंच तेवढा आहे का

बाजारात मिळणारे स्वस्त कपांचे सेट सगळे अचूक नसतात आणि बऱ्याच वेळा एकाच दुकानात 240 वाला आणि 250 वाला दोन्ही असतात. तपासायला सोपं आहे. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी फोडली की कपानं मोजा. 250 चा कप असेल तर बरोबर दोन कप भरतील, 240 चा असेल तर दोन कप भरून तळाशी चार चमचे दूध उरेल. त्यापेक्षा जास्त उरलं किंवा दुसरा कप भरलाच नाही तर तो सेट बेकिंगला नको.

चमच्यांसाठी मेडिकलमधून 5 मिलीची सिरिंज आणा, सुई नको. त्यात पाणी भरून टीस्पूनमध्ये सोडा, काठोकाठ बसायला हवं. चहाचा चमचा, साखरेच्या डब्यातला चमचा, पोह्यांचा चमचा, हे सगळे वेगवेगळे असतात आणि कुठलाच 5 मिली असेल याची खात्री नाही. मैद्यात पाच ग्रॅम इकडेतिकडे झाले तर चालून जातं पण सोड्यात एक ग्रॅमही कळतो. एक कप मैद्याला सोडा साधारण पाव टीस्पून किंवा बेकिंग पावडर एक ते सव्वा टीस्पून, चमचा सपाट, शीग काढून. साबणासारखा वास येणाऱ्यांनी दुसरं काही न करता फक्त हे तपासा.

4. काटा असेल तर काट्याची तपासणी

काटा नसेल तर घ्या, 1 ग्रॅम दाखवणारा साधा डिजिटल काटा पुरतो, महागडा लागत नाही. पण काटा आला म्हणजे प्रश्न संपला असं नाही, काट्यावाल्यांच्या पण ठरलेल्या चार-पाच तक्रारी आहेत.

युनिट बघा. बटण चुकून दाबलं जातं आणि काटा औंसवर किंवा मिलीवर जातो. ते मिलीचं बटण तर फार फसवं आहे. काट्याला आत काय आहे ते कळत नाही, तो फक्त वजन बघतो आणि पाणी समजून (काहींमध्ये दूध समजून) मिली दाखवतो. तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे स्क्रीनवर 100 मिली दिसलं तरी प्रत्यक्षात 109 च्या आसपास तेल पडलेलं असतं. मधाचं उलटं, 100 दिसतं आणि भांड्यात 70 मिलीच असतो. काटा कायम ग्रॅमवर ठेवा आणि मिलीचं बटण विसरून जा.

ओटा सपाट हवा, खाली टॉवेल किंवा प्लॅस्टिकची शीट नको. वर पंखा असेल तर बंद करा, रुंद परात ठेवली की वाऱ्यानं आकडा हलतो. बॅटरी उतरली की आकडा सरकत राहतो.

थोड्या वजनाची अडचण वेगळी आहे. 5 किलो क्षमतेच्या काट्यावर 2 ग्रॅम यीस्ट चिमटी-चिमटीनं टाकलंत तर काटा ते मोजेलच असं नाही, कारण शून्यावर असताना होणारे बारीक बदल तो हालचाल समजून परत शून्य करत राहतो. तुम्ही टाकत राहता आणि स्क्रीनवर शून्यच. मग उलटं करा, यीस्टची बाटली काट्यावर ठेवून शून्य करा आणि त्यातून काढत जा, भांडं उचलून परत ठेवलं की उणे आकडा दिसेल. नाहीतर सरळ टीस्पून वापरा, इन्स्टंट यीस्ट एक टीस्पून म्हणजे साधारण 3 ग्रॅम. पाव-ब्रेड नेहमी करत असाल तर 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा वेगळा घ्या, पैसे वसूल होतात.

काटा खरा आहे का याची झटपट परीक्षा म्हणजे अर्ध्या लिटरची सीलबंद दुधाची पिशवी. दूध पाण्यापेक्षा जरा जड, त्यामुळे 515-520 ग्रॅम दिसायला हवं. 480 किंवा 550 दिसलं तर गडबड आहे. खात्री करायची तर तीच पिशवी वाण्याकडे नेऊन त्याच्या काट्यावर ठेवायला सांगा, दुकानातले काटे दरवर्षी वैधमापन विभागाकडून (वजनमापं तपासणारं सरकारी खातं) तपासून शिक्का मारून घ्यावे लागतात. आमचा वाणी तर आनंदानं करून देतो.

5. तुमचा स्वतःचा तक्ता करा

ही पायरी थोडी कष्टाची आहे पण एकदाच करायची. सुरुवातीला हे आकडे घ्या, सगळे 240 मिलीच्या कपाचे आहेत आणि अंदाजे आहेत:

मैदा 120 ते 125 ग्रॅम
साखर 200
पिठीसाखर 115
कोको 85
बारीक रवा 165 ते 170
तेल किंवा पातळ केलेलं तूप 218
लोणी 227
दूध 245
दही 245
मध 340

कप 250 चा असेल तर प्रत्येक आकड्यात साधारण 4 टक्के वाढवा, मैदा 125 ते 130, साखर 208. बेसन आणि गिरणीतून आणलेली कणीक मी मुद्दाम दिलेली नाही, कारण दळण बारीक की जाडसर यावर त्यांचं वजन इतकं बदलतं की माझा आकडा तुमच्या डब्याला लागू पडणार नाही. ते तुम्ही तुमच्या कपानं तीनदा भरा, तीनदा वजन करा, सरासरी काढा आणि कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. तीन वजनांत दहा ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर भरण्याची पद्धत अजून पक्की नाहीये, परत दुसऱ्या मुद्द्यावर जा.

लोण्याचं लक्षात ठेवा. अमेरिकन रेसिपीतली एक स्टिक 113 ग्रॅमची असते आणि आपलं छोटं पाकीट 100 ग्रॅमचं. "एक स्टिक म्हणजे एक पाकीट" धरलं तर 13 ग्रॅम कमी पडतं, दोन स्टिकला 26, आणि कुकी पसरत नाही म्हणून लोक ओव्हनचं तापमान वाढवत बसतात. शिवाय आपलं नेहमीचं पाकीट खारं असतं, तेव्हा रेसिपीतलं मीठ वगळा.

अंडीसुद्धा. अमेरिकन रेसिपीतलं मोठं अंडं कवच काढून 50 ग्रॅमच्या आसपास धरतात. आपल्याकडे एकाच ट्रेमध्ये लहानमोठी येतात. फोडून, फेटून, वजन करून घाला, दोन अंड्यांची रेसिपी म्हणजे 100 ग्रॅम. कमी पडलं तर तिसरं फोडा आणि उरलेलं ऑम्लेटमध्ये जाऊ दे. रेसिपी दुप्पट-तिप्पट करताना बिघडते ती बहुतेक इथेच, कारण दर अंड्यामागची पाच-सात ग्रॅमची कमतरता सहा अंड्यांत जवळजवळ एका अख्ख्या अंड्याएवढी होते.

आता रेसिपी बदलताना सगळी एकदम ग्रॅममध्ये करा. अर्धी कपात अर्धी ग्रॅममध्ये ठेवली की पुढच्या वेळी काय बदललं तेच कळत नाही. फक्त एक टेबलस्पूनपेक्षा कमी असलेलं, म्हणजे सोडा, बेकिंग पावडर, मीठ, इसेन्स, ते चमच्यातच राहू द्या.

6. वजन पक्कं झालं तरी बिघडतंय?

मग आता बाकीच्यांकडे वळा. बेकिंग पावडर गरम पाण्यात टाका, लगेच जोरात फसफसायला हवी. सोड्यावर लिंबू पिळा, तसंच. नाही फसफसलं तर नवीन आणा, दहा मिनिटांत निकाल लागतो. त्यानंतर ओव्हन थर्मामीटर घ्या, तो आत मधल्या जाळीवर ठेवून 180 ला वीस-पंचवीस मिनिटं तापवा. 10-15 डिग्रीचा फरक असेल तर काळजी नाही, नॉब तेवढा मागेपुढे करून वापरा.

ग्रॅमनं मोजून, पावडर ताजी असून, थर्मामीटर ठेवूनसुद्धा लागोपाठ दोन केक एका बाजूनं कच्चे किंवा एका बाजूनं करपलेले निघाले तर तिथे थांबा, आणखी साहित्य घालवू नका. तापमान 30-40 डिग्रीनं चुकत असेल तर थर्मोस्टॅट किंवा एखादा रॉड गेलेला असतो, ते टेक्निशियनचं काम आहे. ओटीजीला (विजेवरच्या छोट्या ओव्हनला) हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, वायर जळल्याचा वास आला किंवा ओव्हन लावला की घरातला मेन पडतोय तर बोर्डावरचं बटण बंद करा आणि परत चालू करून बघू नका, घरी स्क्रू उघडू नका. गॅसचा ओव्हन असेल आणि वास येत असेल तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, दिवा-पंख्याचं कुठलंही बटण दाबू नका आणि बाहेर येऊन 1906 ला फोन करा, एलपीजी गळतीसाठीची ही हेल्पलाइन देशभर चालते.

काटा दर वेळी वेगळं वजन दाखवत असेल आणि बॅटरी नवी असेल तर तो उघडून दुरुस्त करायच्या फंदात पडू नका, घरगुती काट्याची दुरुस्ती परवडत नाही, नवा घ्या. घरातल्या कोणाला इन्सुलिन चालू असेल आणि केकच्या तुकड्यातले कार्ब मोजून डोस ठरत असेल तर वरच्या तक्त्यावर अजिबात विसंबू नका, तुकडा प्रत्यक्ष वजन करून डाएटिशियन किंवा डॉक्टरांना विचारा. आणि केक-कुकीज पाकिटात भरून वजन लिहून विकणार असाल तर हा किचनमधला काटा त्यासाठी चालत नाही, शिक्का मारलेला काटा घ्यावा लागतो. त्याची माहिती तुमच्या जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात मिळेल, खरेदी करायच्या आधीच तिथे विचारून घ्या म्हणजे चुकीचा काटा गळ्यात पडत नाही.